लाल चांदणी

सोसायटीत गाड्या किती आणि जागा किती, हे एकदा मोजायचं ठरलं आणि मी सभेत तोंड उघडलं. "वहीबिही कशाला? ऑनलाइन फॉर्म करू. पाच मिनिटांचं काम." सभेत जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे बायलॉजमध्ये छापलेलं नाही, म्हणून विसरलो होतो.

फॉर्म बनवायला मजा येते, हे मात्र कबूल. प्रश्न वर न्या, खाली न्या, ड्रॉपडाउन लावा आणि प्रत्येकापुढे ती लाल चांदणी ठोका. मग उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. आमच्या घरात माझ्या प्रश्नांना ही सोय नाही. हुरूप येऊन मी गाडीच्या नंबरालाही अट घातली : सुरुवात एमएचनेच.

पहिला फोन तळमजल्यावरच्या मेजरसाहेबांचा. त्यांची गाडी बीएच सिरीजची. बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी 2021 मध्ये निघालेली ही सिरीज; नंबराची सुरुवातच वर्षाच्या आकड्याने. "तुमचा फॉर्म मला परका समजतो!" अट काढली. लगेच नंबराच्या रकान्यात 'पांढरी स्विफ्ट', 'तीच, जुनी' आणि 'वॉचमनला माहीत आहे' अशी उत्तरं आली. एका काकूंकडे गाडीच नाही, पण चांदणी सोडेना; त्यांनी जावयाच्या गाडीचा नंबर घातला.

उत्तरं स्प्रेडशीटमध्ये उघडली, तर इमारत 2, फ्लॅट 11 मधले आजोबा 2 नोव्हेंबरला राहायला गेलेले. '2-11' दिसलं की तिला तारीखच दिसते. जनुकशास्त्रज्ञही याला वैतागले होते. 'मार्च1' नावाच्या जनुकाची 1 मार्च व्हायची. शेवटी 2020 मध्ये त्यांनी अशा जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं. मीही इमारतींचे नंबर बदलू या म्हटलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

फ्लॅट 48, उत्तरं 71. 'गेला की नाही कळेना' म्हणून कुणी चारचारदा पाठवलेला.

शेवटी वॉचमनकडे गेलो. त्याने टेबलाखालून शंभर पानी वही काढली. गाडी, नंबर, फ्लॅट, सगळं ओळीने. माझ्या स्कूटरपुढे लाल पेनाने चांदणी.

"ही कशाला रे?"

"रोज दुसऱ्याच्या जागेत लावता ना साहेब, म्हणून."