हमीपत्रातील चौथी अट

(जानेवारी 2022 मधली नोंद) कोरोनामुळे बंद असलेली महाविद्यालये 1 फेब्रुवारी 2022 पासून पुन्हा सुरू होत आहेत आणि त्यासाठी वसतिगृहातील मुलींकडून भरून घ्यायचे हमीपत्र आज दुपारी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडले. रेक्टर म्हणून अशी कागदपत्रे मी रोज हाताळते, त्यामुळे सहसा मजकूर न वाचताच छपाईला पाठवते. आज मात्र चौथ्या अटीवर नजर अडकली आणि तेव्हापासून दुसरे काही सुचलेले नाही. ‘ताप, सर्दी, खोकला यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास मी तत्काळ वसतिगृह सोडेन व त्याबाबत महाविद्यालयास जबाबदार धरणार नाही.’ गेल्या वर्षीच्या हमीपत्रात अगदी हेच वाक्य होते. या वर्षी फक्त तारीख बदलली आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे 2021 मध्ये, 15 फेब्रुवारीपासून निम्म्या उपस्थितीत वर्ग सुरू करण्याचे ठरले, तेव्हा आमच्या अमरावतीत रुग्ण वाढत असल्याचे डोळ्यांना दिसत होते. तरीही मुली आल्या, कारण त्या किती कंटाळल्या होत्या हे त्यांनाच ठाऊक. त्यांत पदवीच्या शेवटच्या वर्षाची, मेळघाटातल्या धारणीच्याही पुढच्या एका गावातली, घरी कोरकू बोलणारी एक मुलगी होती. वर्षभर गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन, भावाचा मोबाइल त्याच्या वेळेनुसार मागून घेऊन तिने ऑनलाइन वर्ग केले होते. पत्र्याची पेटी आणि तांदळाची पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पाहून मलाही बरे वाटले होते. त्याच संध्याकाळी मी सर्व मुलींना व्हरांड्यात अंतर ठेवून बसवले आणि हमीपत्र मोठ्याने वाचून दाखवले. चौथी अट तर दोनदा वाचली. तिने सही केली.

पाचव्या दिवशी तिला ताप आला आणि तिने तो लपवला. औषधाच्या दुकानातून पॅरासिटामोल आणून, अंगात स्वेटर घालून ती दोन दिवस मेसमध्ये सर्वांबरोबर जेवली. रविवारी रात्री तिच्या खोलीतल्या मुलीने माझे दार वाजवले, तेव्हा मी आधी काय केले असेल, तर त्या आजारी मुलीला रागावले. आधी का सांगितले नाहीस, इतक्या मुलींचा जीव धोक्यात घातलास, असे बरेच काही बोलले. ती एवढेच म्हणाली, “मॅडम, सही केली होती न मी.”

हे वाक्य गेले अकरा महिने माझ्या कानात आहे.

आता या अटीचे मूळ कोठे आहे तेही सांगते, कारण केवळ आमच्या प्राचार्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 5 नोव्हेंबर 2020 रोजी विद्यापीठे व महाविद्यालये उघडण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. वसतिगृहात एका खोलीत एकाहून अधिक विद्यार्थी नसावेत, जेवण छोट्या गटांत व्हावे, बाहेरगावाहून आलेल्यांनी वर्गात बसण्यापूर्वी चौदा दिवस विलग राहावे आणि लक्षणे असलेल्या विद्यार्थ्यांना कोणत्याही परिस्थितीत वसतिगृहात राहू देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. एका खोलीत एक ही सूचना आमच्याकडे कोणी पाळली नाही, कारण खोल्याच तेवढ्या नाहीत. चौदा दिवसांचे विलगीकरणही कोणी केले नाही. पाळली गेली ती नेमकी शेवटची सूचना, कारण तिला पैसे लागत नाहीत, एक कागद पुरतो. लक्षणे असलेल्या मुलीने वसतिगृहात राहायचे नाही, हे ठीक. मग तिने जायचे कोठे, हे कोणत्या कागदावर लिहिले आहे? परतवाड्याहून घाट चढून जाणाऱ्या एसटीत, अर्धा दिवस इतर प्रवाशांच्या मांडीला मांडी लावून, म्हाताऱ्या आजीच्या घरात?

त्या रविवारी तर निर्णय घ्यायलाही वेळ नव्हता. 22 फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून शहरात एका आठवड्याचा लॉकडाऊन जाहीर झाला होता आणि तत्पूर्वी वसतिगृह रिकामे करण्याचे आदेश आम्हाला मिळाले होते. सोमवारी सकाळी बाकीच्या मुली मिळेल त्या गाडीने गेल्या. तिला मी पाहुण्यांच्या खोलीत ठेवले, माझ्या स्कूटरवरून चाचणीसाठी नेले आणि नोंदवहीत ‘स्वगृही रवाना’ असे लिहिले. होय, खोटे लिहिले. शासकीय विलगीकरण केंद्रात त्या मुलीला एकटीला सोडण्याचे धाडस मला झाले नाही. ते चूक असेल तर असो, ज्यांना कारवाई करायची असेल त्यांनी खुशाल करावी. तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला. दाराबाहेर ताट ठेवून मी सतरा दिवस तिला जेवण दिले आणि ती बरी झाली. तिच्याबरोबर दोन दिवस मेसमध्ये जेवलेल्या मुली मात्र तोपर्यंत आपापल्या गावी पोहोचल्या होत्या. त्यांच्या घरी पुढे काय झाले, हे मी आजवर विचारलेले नाही.

महाविद्यालये बंदच ठेवा असे माझे म्हणणे नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. ऑनलाइन शिक्षणाने आमच्या निम्म्या मुलींचे वाटोळे केले हे मान्य. कोरोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचा आजार बहुतेकांना सौम्य होतो आहे, लसीकरण झाले आहे, हेही मान्य, आणि प्राचार्यांच्या हातात निधी नसतो, हेही एक वेळ मान्य. पण दोन डोस झालेल्यांनाच प्रवेश, एवढ्या एका अटीवर सर्व सुरक्षितता उभी करून मोकळे होणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. लस घेतलेल्यांनाही ओमायक्रॉनची बाधा होत आहे, हे याच महिन्यात आपण सर्वांनी आपापल्या घरात पाहिले आहे. शिवाय कोव्हिशिल्ड लसीच्या दोन डोसांत, जानेवारी 2022 मधल्या नियमानुसार, 84 दिवसांचे अंतर. ज्या गावात पहिलाच डोस नोव्हेंबरच्या अखेरीस पोहोचला, तिथल्या मुलीने 1 फेब्रुवारीला दोन्ही डोसांचे प्रमाणपत्र कोठून आणायचे? तिने ऑनलाइन शिकावे, असे उत्तर मिळते. म्हणजे पुन्हा ती टेकडी.

आणि यंदा तर एसटीही नाही. कर्मचाऱ्यांचा संप 2021 च्या दिवाळीपासून सुरू आहे. त्या संपाबद्दल मला काही बोलायचे नाही, त्यांचे दुःख त्यांना ठाऊक. परंतु मेळघाटातून येणाऱ्या मुली काळी-पिवळीत दहा-बारा जणांमध्ये कोंबून येणार आणि फाटकावर आमचा शिपाई त्यांच्या कपाळासमोर थर्मल गन धरणार, ही कसली सुरक्षितता? ती गन मागच्या वर्षी त्या मुलीचा तापही ओळखू शकली नव्हती, कारण मुलीने पॅरासिटामोलची गोळी घेतलेली होती.

आज संध्याकाळी मी वसतिगृहाच्या खोल्यांतून फिरून आले. हा विषाणू हवेतून पसरतो हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे, आणि आमच्या मागच्या बाजूच्या अकरा खोल्यांच्या खिडक्यांना बाहेरून पत्रे ठोकलेले आहेत. का, तर रस्त्यावरची मुले पाहतात म्हणून. माझ्या आधीच्या रेक्टरबाईंच्या काळात ठोकलेले ते पत्रे काढावेत असे मलाही इतक्या वर्षांत सुचले नाही, हे लिहिताना लाज वाटते. मागच्या वर्षी ती मुलगी त्याच रांगेतल्या एका खोलीत होती. आम्ही सॅनिटायझरच्या बाटल्या मोजत बसलो होतो आणि ती बंद खोलीत खोकत होती.

रागाच्या भरात बरेच लिहिले. शांतपणे सांगायचे तर माझी मागणी फार मोठी नाही. तळमजल्यावरच्या चार खोल्या आजारी मुलींसाठी राखून ठेवाव्यात. पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस, त्यांतले शेवटचे तीन दिवस ताप नसावा, हा जानेवारी 2022 मधला गृहविलगीकरणाचा नियम. तो या चार खोल्यांत पाळणे आम्हाला सहज शक्य आहे. घरी करायच्या कोरोना चाचणीचा संच आज, जानेवारी 2022 मध्ये, अडीचशे रुपयांना मिळतो. तो वसतिगृहाने द्यावा, मुलीला मेसच्या पैशांतून घ्यावा लागू नये. आणि ताप आल्याचे सांगणाऱ्या मुलीला घालवून दिले जाणार नाही, हे हमीपत्र महाविद्यालयाने मुलींना लिहून द्यावे. तशा आशयाचे पत्र मी आजच प्राचार्यांना दिले आहे आणि उत्तर येईपर्यंत आलेल्या हमीपत्राच्या प्रती छापणार नाही, हेही त्यांना सांगितले आहे. ते चिडले नाहीत, फक्त “बघू” म्हणाले.

ती मुलगी आता एम.ए.ला आहे. सोमवारी येते आहे, असा तिचा निरोप आला आहे.

खिडक्यांवरचे पत्रे काढायला उद्या सकाळी सुतार येणार आहे. अमरावतीतल्या मित्र-मैत्रिणींना एक विनंती : दुसऱ्या लाटेत घाईघाईने घेतलेले आणि आता कपाटात पडून असलेले ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि वाफेची यंत्रे कोणाकडे असतील, तर मला कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.