पंचवीस मिलिमीटरांची परीक्षा

घराचा नकाशा काढताना देवघर कोठे असावे याविषयी ज्यांनी तोंड उघडले नव्हते, ते सारे आप्तस्वकीय सांडपाण्याचा प्रश्न निघताच तज्ज्ञ झाले. सांगली-मिरज परिसरात ज्या वसाहतींपर्यंत भुयारी गटार अद्याप पोहोचलेले नाही, त्यांपैकी एकीत आम्ही घर बांधले, आणि मोरीचे पाणी हा सार्वजनिक चर्चेचा विषय होऊन बसला. शेजारच्या अण्णांचे मत असे की, पाणी सरळ मागच्या ओढ्यात सोडावे, कारण सगळेच सोडतात. मेहुणे म्हणाले, खड्डा जितका खोल तितका उत्तम. मिस्त्रींचा सारा जीव सेप्टिक टाकीत अडकलेला होता. तिच्यापुढे पाण्याचे काय होते, ही त्यांच्या दृष्टीने पाण्याची खासगी बाब होती.

वस्तुस्थिती अशी आहे की टाकी निम्मेच काम करते. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी पुरेसे घाण अवस्थेतच बाहेर पडते. ते खरे शुद्ध होते मातीत, आणि तेही वरच्या हवेशीर थरात. तेथील जिवाणू घाण खाऊन टाकतात, अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि फॉस्फरस मातीच्या कणांना धरून राहतो. खोल गेले की हवा संपते आणि हे कामगारही विरळ होतात. हे मी मेहुण्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तरी पण दहा फूट घ्याच.”

मे महिन्यात मिस्त्रींनी जमिनीची परीक्षा घेतली. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की एखाद्या भेगेत मनगटापर्यंत हात जावा. मिस्त्रींनी त्यातल्याच एका भेगेवर बादली उपडी केली. पाणी क्षणात दिसेनासे झाले. “बघा सायेब, कशी पितीया जमीन!” असे म्हणून ते चहाला निघून गेले. मात्र हीच माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याला वाट उरत नाही. म्हणूनच भारतीय मानक २४७० मध्ये आधी खड्डा रात्रभर भिजवावा आणि मगच मोजमाप घ्यावे, असे सांगितले आहे.

मी तसे केले. खड्ड्याच्या बाजू खरवडल्या, तळाशी ५० मिलिमीटर जाड वाळू पसरली, पाणी भरले आणि दुसऱ्या दिवशी वाळूवर १५० मिलिमीटर पाणी ठेवून पट्टी व घड्याळ घेऊन काठावर बसलो. पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात, एवढेच पाहायचे असते. पण भर वस्तीत खड्ड्याकडे टक लावून बसलेल्या गृहस्थाला एकांत मिळत नाही. एका वाटसरूने खड्ड्यात डोकावून माझे मनापासून अभिनंदन केले. “नशीबवान आहात, हातभरावर पाणी लागलं की!” दुसऱ्याने काही हरवले आहे का, अशी चौकशी केली. मी पेन्सिल आणायला आत गेलो तेवढ्यात काकूंनी, पाणी कमी झालेले दिसते म्हणून, मायेने तांब्याभर ओतून ठेवले. मोजणी पहिल्यापासून सुरू झाली.

अर्ध्या तासात पाणी जेमतेम ५ मिलिमीटर उतरले, म्हणजे २५ मिलिमीटरांना अडीच तास. मानकानुसार एवढे उतरायला ३० मिनिटांपर्यंत लागली तर शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, चालतो, ६० मिनिटांपर्यंत उथळ चर चालतात आणि त्यापुढे जमिनीच्या भरवशावर राहू नये. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी शोषखड्ड्यांनी गटारे व डास हटवले, हे मला ठाऊक होते. पण माझ्या जमिनीला त्याचे काही सोयरसुतक नव्हते.

शेवटी काळ्या मातीवर मुरूम आणि वाळूचा उंच वाफा घातला, त्यात खडीवर छिद्रांचे पाइप आडवे टाकले आणि वर कर्दळ व केळी लावल्या; काही पाणी वाफ्यात मुरते, काही झाडे शोषून पानांवाटे हवेत सोडतात. विहिरीपासून १८ मीटर अंतर हवे म्हणून टेप लावला, तेव्हा आमचा वाफा नियमात बसला आणि अण्णांचा स्वतःचा जुना शोषखड्डा त्यांच्याच विहिरीपासून या अंतराच्या चांगलाच आत निघाला. त्या दिवसापासून अण्णा ओढ्याविषयी बोलत नाहीत.

एक कटकट मात्र कायमची मागे लागली. खरकट्याचे तेल वाफ्यात गेले तर खडी व मातीच्या सीमेवर काळा बुळबुळीत थर लवकर दाटतो आणि पाणी तुंबते, म्हणून मोरीबाहेर तेल अडवणारी कुंडी बांधली आहे. ती उपसण्याचा मान घरात एकमताने मला देण्यात आला. दिवाळीत चकल्या-शंकरपाळ्यांचे कौतुक सारे घर करते. त्यांचे तेल कुंडीतून खरवडताना मात्र माझ्याजवळ कुत्रेदेखील थांबत नाही.

मिस्त्री हल्ली नव्या गिऱ्हाइकांना आमच्या परसात घेऊन येतात, वाफ्याशेजारी उभे करून “वास येतोय का? घ्या की, लांब श्वास घ्या!” असे बजावतात आणि जमीन रात्रभर भिजवल्याशिवाय मोजू नये, हा आपला जुनाच शिरस्ता असल्याचे सांगतात. परवा तर एकाला पटवून देण्यासाठी त्यांनी माझीच पट्टी मागून नेली.