सी हॉक म्हणे उडता डबा!

पंधरा दिवसांत एकच व्हॉइस मेसेज मला चौघांकडून आला. फोंड्याच्या भाच्याने तर दोनदा पाठवला. मजकूर असा: वॉर थंडर या युद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये सी हॉक, म्हणजे आपल्या नौदलाचं जुनं जेट विमान, घेऊ नका, तो उडता डबा आहे. पंख सरळ म्हणून संथ, तोफा 20 मिलिमीटरच्या म्हणून पोकळ, वर चढता येत नाही. आणि गोवा मुक्त करणारं विमान असूनही गेमवाल्यांनी त्याला मुद्दाम पांगळं केलंय.

शेवटचं आधी घेतो. 18 डिसेंबर 1961 ला दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी. बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर गेली ती हंटर लढाऊ विमानं. नौदलाचा हंसा तळ कोइंबतूरहून दाबोळीला आला तो 1964 मध्ये, तेव्हा कुठे सी हॉक इथले झाले. त्यांनी युद्ध गाजवलं ते 1971 मध्ये, विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगावावर. तेही जमिनीवरच्या आणि बंदरातल्या लक्ष्यांवर. गोवा मुक्तीचा मान उगाच त्याच्या गळ्यात का घालायचा?

आता तोफा. बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक उभा आहे. त्याच्या नाकाखाली वाकून बघा. 20 मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा, प्रत्येकीला 200 गोळ्या. एक तोफ मिनिटाला साधारण 750 गोळ्या झाडते, म्हणजे चौघींच्या मिळून सेकंदाला 50. बटण अर्धा सेकंद दाबलं तरी पंचवीस गोळ्या सुटल्या. गेममध्ये समोर येणाऱ्या रशियन मिग-15 ची 37 मिलिमीटरची तोफ कागदावर राक्षस दिसते, पण तिच्याकडे गोळे फक्त 40, आणि वेगही मंद. तिचा एक गोळा लागला तर समोरचा संपला, हे खरं. लागला तर! हिस्पानोची गोळी सुटते सेकंदाला सुमारे 840 मीटरने, मिगची 690 ने. चारशे मीटरवर हिस्पानोची गोळी पोचेपर्यंत अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्यात ताशी 900 च्या वेगाचं विमान सव्वाशे मीटर पुढे सरकलेलं असतं. नेम धरायचा तो त्या पुढच्या जागेवर, आणि गोळी जितकी जलद तितका अंदाज चुकायला वाव कमी. तोफा पोकळ वाटतात कारण आपली पोरं हजार मीटरवरून बटण दाबून धरतात. सोळा सेकंदांत सगळा दारूगोळा रिकामा, मग डबा विमान!

संथपणाचं म्हणाल तर सरळ, जाड पंख ध्वनीच्या वेगाजवळ अडतो, हे कबूल. समुद्रसपाटीजवळ सी हॉक ताशी साधारण 960 किलोमीटरपर्यंत जातो, मिग त्याहून शंभरेक अधिक. पण हाच पंख कमी वेगातही विमान सांभाळतो, नाहीतर बोटीच्या डेकवर उतरणार कसं?

चढण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि त्यातली गंमत मेसेजवाल्याला ठाऊक नसावी. सी हॉकचं इंजिन रोल्स रॉइसचं नीन. ब्रिटनने तेच इंजिन 1940 च्या दशकात रशियाला विकलं, रशियनांनी त्याची नक्कल केली आणि ती मिग-15 मध्ये बसवली. म्हणजे ताकद जवळपास सारखीच. फक्त मिग भरून पाच टन, सी हॉक सहा टनांच्या आसपास. यात गेमवाल्यांनी काय पांगळं केलं? वजन हॉकर कंपनीनेच तसं दिलंय. मिगच्या मागे नाक वर करून लागायचं नाही, एवढंच.

रविवारी भाच्याला शेजारी बसवून चारशे मीटरच्या आत गोळी झाडायला लावली. दोन विमानं पाडली त्याने. तिसरं वर चढू लागलं, मी ‘नको रे’ म्हणेपर्यंत हा त्याच्या मागे, आणि दहा सेकंदांत स्क्रीन काळी. ‘मामा, डबाच आहे हा,’ म्हणाला.