जाळायला सही लागत नाही

आज सकाळी तालुक्याच्या गावी एका कार्यालयामागं धूर निघत होता. (नाव लिहीत नाही. प्रत्येकाला आपलंच वाटेल.) ढिगात चहाचे कागदी कप, कालच्या सत्काराचे हार, प्लॅस्टिकसकट बुके, कडुलिंबाचा पाला आणि वर झेरॉक्सचा गठ्ठा. एका अर्धवट जळालेल्या कागदावर कुणाचं तरी आधार कार्ड, फोटो आणि नंबर स्वच्छ वाचता येत होते. मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेलं: ओला कचरा, सुका कचरा वेगळा करा.

दंड करायचा अधिकार ज्यांच्याकडे, त्यांच्याच आवारात जाळायलेत! २०१६ च्या घनकचरा नियमांत सरळ लिहिलं होतं, कचरा करणाऱ्यानं तो उघड्यावर फेकू नये, जाळू नये, पुरू नये. त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादानं साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. टपरीवाल्याची पावती लगेच फाटते. ही कुणाच्या नावानं फाडायची?

आता कुणी म्हणेल, माणसं नाहीत, पदं रिकामी आहेत. आहेत, मान्य. पण जाळायला माणूस मिळतोच की. खरं कारण वेगळं आहे. रद्दी विकायची तर यादी लागते, मंजुरी लागते, पैसे भरल्याचं चलन लागतं आणि पुढं लेखापरीक्षणात उत्तर द्यावं लागतं. जाळायला कुणाची सही लागत नाही.

त्या आधारच्या झेरॉक्सचंच घ्या. अर्ज ‘आपले सरकार’वर भरून घेतात, कागद अपलोड करून घेतात आणि वर हार्ड कॉपी मागतात. एका अर्जाला बारा पानं आणि तीन संच धरले तर ३६ पानं. म्हणजे चौदा अर्जांत ५०० पानांची एक रीम उडाली, जवळजवळ सव्वादोन किलो कागद. तोही लोकांच्या खिशातून. कचरा कमी करायचा तर पहिली कात्री इथं लावा: एकच संच घ्या, मूळ कागद टेबलावर बघून परत द्या. नेट बंद असतं, लाईट जाते, हेही खरं. म्हणून तीन संच?

सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत वर्गवार लावायची रीत, सगळ्या कार्यालयांना तोंडपाठ आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी कपाटं लावतात, लेबलं चिकटवतात. त्यातला सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा असतो, आणि नेमका तोच वर्षानुवर्षं हलत नाही. ‘ड’ वर्गाचा कागद वर्षभर ठेवायचा, मग यादी करून, कार्यालयप्रमुखांची मंजुरी घेऊन नष्ट करायचा. यादी करायचा कंटाळा, म्हणून ‘ड’ मध्ये जास्त काळ ठेवायचा ‘क’ वर्गाचा कागद मिसळतो, मग कशालाच हात लावायची हिंमत होत नाही, आणि एक दिवस वाळवी लागली म्हणून सगळंच मागच्या अंगणात जातं. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तासभर काढला तर हे साचतच नाही.

नष्ट करणं म्हणजे जाळणं नव्हे. आधार, पासबुक, जातीचे दाखले असलेले कागद श्रेडरमधून काढायचे. श्रेडर पट्ट्या कापणारा घ्या. फार बारीक तुकडे केले तर कागदाचा धागा तुटतो आणि भाव पडतो. स्टेपलरच्या पिना कारखान्यात चाळणीवर निघतात, त्याची चिंता नको. लॅमिनेशन, स्पायरलची प्लॅस्टिक कव्हरं, कार्बन पेपर आणि पावत्यांचा गुळगुळीत थर्मल कागद मात्र आधी बाजूला काढा, त्यानं सगळी रद्दी बाद होते. पाठकोऱ्या कागदावर कच्चे मसुदे छापायचे असतील तर पिना काढून, कागद रात्रभर वजनाखाली सपाट करून मगच प्रिंटरमध्ये घाला. नाहीतर कागद अडकतो आणि पाठकोऱ्याचं नाव बदनाम होतं.

कप. तीस माणसांचं ऑफिस, माणशी दोन चहा, वर्षाचे अडीचशे दिवस: १५,००० कप, आणि यात पाहुणे धरलेलेच नाहीत. आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो म्हणून रद्दीवाला घेत नाही आणि खतातही कुजत नाही. स्टीलचे पेले आणा म्हटलं की ते गायब होतात अशी तक्रार. मग नाव घालून घ्या, लग्नातल्या भांड्यांवर घालता तसं! खरी अडचण धुण्याची असते. मोरी, नळ आणि पालथं घालायला जाळीचं स्टँड एवढं आधी बसवा. पेले नंतर.

आणि बैठकीतल्या बाटल्या बघून तर डोकं फिरतं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, हे विसरलो का आपण? आपल्याच मराठवाड्यात दोन घोट पिऊन बाटल्या टेबलावर सोडून साहेब लोक उठतात. जग आणि पेले ठेवा, विषय संपला. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी पिंपात घेऊन फरशी आणि संडासासाठी वापरा. झाडांना घालू नका, आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, त्यात ते आणखी दाट झालेले असतात.

राहिले हार आणि पाला. हाराचा दोरा आणि चमकीची रिबन कापून काढा. बुक्यातला हिरवा स्पंज कुजत नाही, तोही काढा. खड्डा मात्र खणू नका. काळ्या मातीत तो पावसाळ्यात पाण्यानं भरतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो. शेजारच्या विदर्भातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी नाडेप टाकी, म्हणजे खत करायची विटांची टाकी, देऊन ठेवलीय ती कशाला? मूळ माप १० × ६ × ३ फूट. कार्यालयाला ५ × ३ × ३ पुरते. विटांत हवेसाठी भोकं ठेवायची. तीन टोपल्या पाला, एक टोपली ओलं, वर शेणकाला आणि चाळलेली माती, असे थर. चहाचा चोथा एकदा पाण्यातून काढून घाला, नाहीतर साखरेला मुंग्या येतात. मूठ दाबली तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये, एवढीच ओल. एप्रिल-मेमध्ये वर ओलं गोणपाट नसेल तर सगळं वाळून जसंच्या तसं राहतं, आणि मग ‘खत होतच नाही’ असा शेरा मारला जातो. टाकी भरून शेणमातीनं लिंपली की साधारण तीन-चार महिन्यांत खत. लिंबाच्या पाल्याला थोडा जास्त वेळ लागतो.

सकाळी तो ढीग पेटवणाऱ्या मावशींवर कुणी राग काढू नका. सगळ्या टेबलांचं सगळं त्यांना एकाच घमेल्यात मिळतं. फुटलेली ट्यूबलाईटसुद्धा, जिच्यात पारा असतो. वेगळं टेबलापाशीच व्हायला हवं. कंत्राटी बाईनं वाकून आपल्या सुपारीच्या पुड्या निवडायच्या, ही अपेक्षाच लाज आणणारी आहे.

जुने संगणक आणि यूपीएसच्या बॅटऱ्या हा मोठा विषय आहे. थोडक्यात: डेडस्टॉक रजिस्टरवरून (कार्यालयाच्या सामानाच्या नोंदवहीवरून) यादी, नादुरुस्तीचा दाखला, निर्लेखनाची (वस्तू नोंदवहीतून कमी करायची) मंजुरी, हार्ड डिस्क काढून नष्ट, मग नोंदणीकृत रिसायकलरकडे देऊन त्याची पावती फाईलला. भंगारवाल्याला दिलं तर तो तांब्यासाठी वायरी जाळणार, म्हणजे धूर फक्त पत्ता बदलतो.

आणि अभियानाचे जुने फ्लेक्स तेवढे कुणी पेटवू नका, पीव्हीसीचा धूर फुप्फुसं जाळतो. पावसाळ्यात नाडेप टाकीवर टाकायला ते उत्तम. छापील बाजू खाली करा, म्हणजे साहेबांचा फोटोही भिजणार नाही.