मावा दिसला की लगेच पंप पाठीवर?

'मावा दिसताच पहिली फवारणी घ्या' हे तुमच्या कपाशीवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. मावा म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. आमच्या यवतमाळकडे पऱ्हाटीवर (कपाशीवर) मावा आला की मागोमाग तो खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) येतातच. त्यांची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी. मीही कित्येक वर्षं तिला कीड समजून चिरडायचो! माव्याचा खरा फडशा तीच पाडते. गेल्या साली धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) बारा ओळींवर औषध मारलंच नाही. पानामागे केसाएवढ्या देठावर क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडीची अंडी दिसली, अन् पंधरवड्यात शेंडे मोकळे.

मुंग्यांबद्दल लेखात अक्षर नाही. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्यांची रांग होती त्याच झाडांवर मावा रेंगाळला. बोंडअळीचं गणित वेगळं, तिथे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावतोच.