बिलावर ५ किलोवॅट आहे म्हणून वायर ५ किलोवॅटची होत नाही

नमस्कार दादा, घरातल्या वायरींवर किती लोड पडतो यावर मी लेख लिहिला होता, त्याखालची तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण दोन ओळींत काहीतरी टाकून मोकळं व्हावं असं वाटेना म्हणून आज बसून लिहितोय. तुमचं म्हणणं असं की मी उगाच लोकांना घाबरवतो, तुमच्या बिलावर मंजूर भार ५ किलोवॅट आहे, एसी घेतल्यावर मेनचा १६ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) सारखा पडायचा म्हणून वायरमनने ३२ चा टाकून दिला आणि दोन वर्षांत काहीही झालं नाही, आणि घरातलं सगळं एकदम लावतं तरी कोण.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात तुमचं बरंचसं बरोबर आहे. लेखात मी सगळ्या वस्तूंच्या वॅटची सरळ बेरीज केली होती, ती ढोबळ झाली. १५ लिटरचा गीझर १५-२० मिनिटांत कट होतो, फ्रिज मधूनमधून चालतो, इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की बराच खाली येतो. मान्य. पण मे महिन्यातली सकाळी साडेसहाची वेळ घ्या, पोरं झोपलीत म्हणून आतल्या खोलीत दीड टनाचा एसी चालू, धरा १६०० वॅट, आजीला बाराही महिने गरम पाणी लागतं म्हणून गीझर २०००, आणि ऑफिसचा डबा व्हायचाय म्हणून इंडक्शनवर भाजी १८००. झाले ५४००. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साडेतेवीस अँपियर, आणि यात पंखे, फ्रिज, मशीन काहीच धरलेलं नाही. सगळं एकदम कोणी लावत नाही हे खरं, पण जड वस्तू तीनच असतात आणि त्या नेमक्या एकाच वेळी लागतात.

आता मंजूर भार. तो आकडा म्हणजे वीज कंपनीने तुमच्या नावावर किती लोड मंजूर केलाय एवढंच, मग ती बेस्ट असो, अदानी, टाटा नाहीतर मुलुंड-भांडुपकडची महावितरण. मीटरपर्यंतचं त्यांच्याकडे, मीटरच्या पुढची वायर आपली. खाली जिन्याखालच्या मीटर रूममधून तिसऱ्या मजल्यावर तुमच्या दारात जी वायर येते ती कोणी, कधी, किती जाडीची टाकली हे बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं.

परळला माझ्या मावशीकडे हेच झालं, म्हणून मला या विषयाचं इतकं लागतं. चाळीतलं घर, लोड वाढवून घेतलेला, कागद सगळे नीट, आणि तिथेही १६ च्या जागी ३२. एका संध्याकाळी तिचा फोन आला की दाराजवळ मासळी कुजल्यासारखा वास येतोय. मी गेलो, खाली मेन बंद करायला लावला, वायरमनने पट्टी उघडली तर आत जुनी ॲल्युमिनियमची वायर, तिला नंतर कोणीतरी तांब्याची जोडून वर नुसती टेप गुंडाळलेली. टेप वितळून काळी चिकट झालेली, आणि जॉइंटपासून वीतभर वायरचं प्लास्टिक बोट लावलं की पापडासारखं मोडत होतं. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या जेमतेम ६० टक्के, त्यात तांब्याशी केलेला असा जॉइंट हळूहळू सैल होतो, गंजतो, आणि सगळी उष्णता तिथेच साठते. आणि हे एका दिवसात झालेलं नव्हतं दादा. वायर रोज थोडी थोडी भाजत असते आणि वरून काही दिसत नाही, म्हणून ‘दोन वर्षं काही झालं नाही’ यावर माझा भरवसा बसत नाही.

एमसीबीचं तर मला मनापासून सांगायचंय. तो एसीसाठी नसतो, वायर वाचवायला असतो. १६ चा एमसीबी १८ अँपियरवर तासभर पडत नाही, २३ च्या थोडं वर गेला की तासाभरात पडलाच पाहिजे, तसंच गणित असतं त्याचं. म्हणजे तुमचा पडत होता तो बिघडला नव्हता, बिचारा काम करत होता. ३२ चा मात्र ३६ अँपियरलाही ढिम्म हलत नाही. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, १६ चे २३ झाले की वायरमधली उष्णता दुप्पट. आरसीसीबी (वीज गळाली की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो शॉकपासून वाचवतो, ओव्हरलोडशी त्याचा संबंध नाही.

उपाय फार मोठा नाही. लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून मीटरपासून घरापर्यंत तांब्याची ६ स्क्वेअर एमएमची सलग वायर, मधे जॉइंट नको, एसीला डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या बोर्डापासून) ४ ची वेगळी लाइन आणि तिचा स्वतःचा एमसीबी. अर्थिंग आहे का तेही बघून घ्या, जुन्या चाळींत बऱ्याचदा नसतंच. सोसायटीत सगळ्यांनीच एसी घेतले असतील तर मीटर रूममधली बिल्डिंगची मेन केबलही तपासायला हवी, ते एकट्याने होत नाही, मीटिंगमध्ये विषय काढावा लागतो.

तुम्ही आज एवढंच करा, खाली मीटर रूममधला मेन बंद करून वायरमनला वायरवर छापलेली जाडी वाचायला सांगा आणि ती तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची ते इथे लिहा, मी तुमच्या घराचा हिशोब करून देतो. तोवर तो ३२ चा काढून १६ चा परत बसवून घ्या, आणि एसी चालू असताना गीझर आणि इंडक्शन एकत्र लावू नका.