डिक्शनरीतल्या पुऱ्या

आमच्या सोसायटीत पत्ता विचारायला नाव लागत नाही. "ते उंच, चष्मेवाले, ज्यांची मुलगी कॅनडात असते" एवढं म्हटलं की वॉचमन बरोब्बर त्यांच्या दाराशी नेऊन सोडतो. अशा ठिकाणी आयुष्य काढलेल्या माणसाने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या डिक्शनरीच्या वाटेला जाऊ नये. पण गणपतीची वर्गणी यंदा कॉम्प्युटरवर घ्यायची असा ठराव सभेत पास झाला, आणि मी ऑनलाइन पायथन शिकतोय ही बातमी आमच्या हिने हळदीकुंकवाला आधीच फोडलेली होती.

डिक्शनरी दिसायला अगदी गरीब. महिरपी कंस, आत डावीकडे की, म्हणजे किल्ली, मग अपूर्णविराम, उजवीकडे व्हॅल्यू, म्हणजे त्या किल्लीने मिळणारा ऐवज. जोड्या स्वल्पविरामाने वेगळ्या. की सांगा, व्हॅल्यू घ्या. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, म्हणून मी डिक्शनरीचं नावसुद्धा झोकात 'वर्गणी' असंच ठेवलं. की म्हणून आडनाव, व्हॅल्यू म्हणून रक्कम. जोशी ५०१, कुलकर्णी १००१, देशपांडे २५१, जोशी १०१.

जोशी एकच असते तर ती इमारत पुण्यात कशाला असती? डिक्शनरीत मात्र एका नावाची की एकच राहते. तळमजल्यावरचे जोशी आले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींच्या जागी बसले. ५०१ गेले, १०१ राहिले. एरवी एक कंस मिटायचा राहिला तर आकाशपाताळ एक करणारा हा पायथन, पाचशे एक रुपये गिळताना चकार शब्द बोलला नाही. खजिनदार मात्र बोलले. बरंच बोलले.

भाची इंजिनिअरिंगला आहे. तिला फोन केला.

"मामा, आडनाव कुणी की घेतं का? फ्लॅट नंबर घे ना."

घेतला. प्रोग्रॅमने विचारलं, फ्लॅट नंबर? मी टाइप केलं ३०१. पायथन म्हणाला, कीएरर, म्हणजे अशी की यादीत नाहीच. यादीत ३०१ होता, मला समोर दिसत होता. शिवाय कीएररपुढे त्यानेच ३०१ छापून दाखवला होता, फक्त भोवती दोन बारीक अवतरणचिन्हं. त्या चिन्हांतच सगळी मेख. इनपुटमधून जे येतं ते नेहमी स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ असतं, आणि यादीत मी लिहिला होता आकडा. स्ट्रिंगमधला ३०१ आणि आकड्यातला ३०१ यांची पायथनच्या लेखी ओळखसुद्धा नाही. स्ट्रिंगचा आकडा करणाऱ्या 'इंट'मधून काढल्यावर ओळख पटली. गंमत म्हणजे स्ट्रिंगमध्ये देवनागरी आकडे असले तरी 'इंट' ते निमूट समजून घेतो. तेच आकडे थेट प्रोग्रॅममध्ये लिहिले तर मात्र सिंटॅक्स एरर, म्हणजे व्याकरणाची चूक.

मग २०४ ने गोंधळ घातला. त्या फ्लॅटला कुलूप आहे, मालक परदेशात, वर्गणीचा प्रश्नच नाही, म्हणून यादीत नोंदच नव्हती. बेरीज करत करत प्रोग्रॅम २०४ पाशी आला, कीएरर म्हणाला आणि जागीच आडवा झाला. पुढच्या सगळ्या मजल्यांचे पैसे तसेच राहिले. एकाने वर्गणी दिली नाही म्हणून सगळं काम बंद, हा नियम आमच्या मंडळाने पाळला असता तर पहिल्या वर्षीही गणपती बसले नसते.

"चौकोनी कंसात की घालून मागण्याऐवजी 'गेट' वापर," भाची म्हणाली. गेट सौम्य स्वभावाचा. की नसली तर आरडाओरडा न करता 'नन', म्हणजे 'काहीच नाही', देतो. ते 'नन' ५०१ मध्ये मिळवायला गेलो तर टाइपएरर, म्हणजे दोघांचा प्रकार जुळत नाही. शेवटी गेटलाच सांगून ठेवायचं असतं, की नसेल तर शून्य दे. हे तिने पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर माझं संध्याकाळचं चालणं बुडालं नसतं.

"पण इतकं काटेकोर कशाला? जरा इकडेतिकडे शोधायचं," मी म्हटलं.

"तो शोधतच नाही, मामा. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला दिला की माणूस थेट त्या कप्प्याशी जातो ना, तसं आहे. कीवरून एक आकडा काढतो, त्याला हॅश म्हणतात, आणि त्यावरून थेट जागेवर. म्हणून साठ नोंदी असोत की सहा लाख, साधारण तेवढाच वेळ."

आमच्याकडे नोंदी साठच होत्या. वाचलेला वेळ मी पुऱ्यांवर घालवला.

महाप्रसादाच्या जेवणाचं मतदान होतं. लोकांनी व्हॉट्सॲपवर पदार्थ पाठवले, मी ते उचलून प्रोग्रॅमला दिले. पदार्थ की, मतं व्हॅल्यू, गेटने जुना आकडा काढायचा आणि त्यात एक मिळवायचा. निकाल आला. तळाची एकेकटी मतं सोडली तर: पुऱ्या २६, मसालेभात ३१, पुऱ्या १४, पुऱ्या ३.

अध्यक्षांनी शांतपणे अर्थ लावला, की तीन प्रकारच्या पुऱ्या दिसतात. एक साधी, एक पालकाची, एक तिखटमिठाची. आचाऱ्याला फोन लावेपर्यंत त्यांची मजल गेली होती. मी पडद्याला नाक लावून बघितलं. तिन्ही पुऱ्या हुबेहूब सारख्या.

भाचीने 'लेन' लावून, म्हणजे शब्दातलं एकेक चिन्ह मोजून, पुऱ्या मोजायला सांगितल्या. पहिल्या भरल्या सहा, बाकीच्या दोन्ही सात-सात. मग उलगडा झाला. आपला तो 'ऱ्या' युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, निरनिराळ्या वाटांनी लिहिता येतो. अखंड ऱ घ्या, त्याला हलन्त द्या, पुढे 'या'. किंवा साधा र, त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, मग हलन्त आणि 'या'. किंवा साधा र, हलन्त, 'या', आणि त्या शेवटच्या दोघांच्या मध्ये झिरो विड्थ जॉइनर नावाचा एक अदृश्य इसम, ज्याला रुंदीच नाही. कुणाच्या फोनचा कीबोर्ड कुठल्या वाटेने जातो हे फोनवाल्यालाही माहीत नसतं. डोळ्यांना पुरी एकच, डिक्शनरीला तीन.

'नॉर्मलाईज' नावाचं फंक्शन आहे. त्याला एनएफसी, म्हणजे जोडता येईल ते जोडून टाक, असं सांगितलं की नुक्तेवाला र अखंड ऱ होतो. दोन पुऱ्या एक झाल्या. अदृश्य इसम मात्र त्यालाही दाद देत नाही, त्याला 'रिप्लेस' लावून हाताने बदलावं लागलं. पुऱ्या ४३. मसालेभात हरला. त्याच्या समर्थकांनी फेरमोजणी मागितली आणि त्यांचं एक मत खरंच सापडलं, कारण कुणीतरी भातापुढे स्पेस देऊन ठेवली होती. कडेच्या स्पेस काढणारं 'स्ट्रिप' लावलं. ३२.

क्रमावरूनही थोडं झालं, पण ते चहावर मिटलं. पायथन ३.७ पासून डिक्शनरी भरलेल्या क्रमातच राहते, आणि जुन्या कीची रक्कम बदलली तरी तिची जागा बदलत नाही. २५१ चे २००१ करून यादीत वर सरकू पाहणारे एक गृहस्थ तिथेच राहिले. त्यांना वर आणायला रकमेप्रमाणे क्रम लावून देणारं 'सॉर्टेड' आहे हे मी मुद्दामच सांगितलं नाही.

खरी पंचाईत ४०२ ची. तिथे वडील आणि मुलगा एकत्र राहतात आणि पावत्या वेगळ्या मागतात. म्हणजे फ्लॅट आणि नाव मिळून एक की हवी. मी दोन्हींची लिस्ट केली. टाइपएरर, लिस्ट अनहॅशेबल, म्हणजे तिचा हॅश काढता येत नाही. लिस्ट मागाहून बदलता येते, मग तिचा हॅशही बदलेल आणि जागा चुकेल, म्हणून ती की होऊ शकत नाही. ट्यूपल चालतो. गोल कंसात फ्लॅट, स्वल्पविराम, नाव. एकदा केला की त्यात फेरफार नाही.

सभेत हे सगळं समजावून सांगितलं. अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे चारशे दोन आणि तो मुलगा, ही जोडी आता बदलता येत नाही?"

"नाही. बदल झाला तर जुनी नोंद काढून नवी करावी लागते."

"तो दिवाळीनंतर लग्न करून पाचशे एकमध्ये जातोय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी खजिनदारांना खूण केली. "त्याच्या वडिलांना निरोप द्या. म्हणावं, तुळशीबागेत खरेदीला जाण्याआधी एकदा यांना भेटा."